मे महिन्यात कुडव्याला येताय?

मे हा आमच्याकडे लग्नांचा, सुट्ट्यांचा आणि पाहुण्यांचा महिना. पुण्या-मुंबईची नातवंडे आजोळी येतात, कुणाच्या आतेभावाचे लग्न असते, कुणाला नागझिऱ्यात वाघ बघायचा असतो. गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यात या दिवसांत घरोघरी बाहेरगावची बॅग दिसते. आणि नेमका हाच महिना पूर्व विदर्भात सर्वांत तापलेला असतो. पारा पंचेचाळिशीला टेकला तर इथे कुणी दचकत नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत दुपारचे रस्ते ओस पडतात, दुकानांची शटर अर्धी खाली येतात, आणि बाहेर दिसलाच तर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एखादा दुचाकीस्वार.

उन्हाळ्यात येऊ नका, असे मी म्हणणार नाही. लग्न मेमध्येच असते, शाळेची सुट्टीही मेमध्येच. या, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवून या : यजमानाला सोसते तेवढे ऊन पाहुण्याला सोसत नाही, मग तो वयाने कितीही तरुण आणि तब्येतीने कितीही धडधाकट असो. सततच्या उन्हाची शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. इथल्या माणसाच्या शरीराने मार्च-एप्रिलमध्ये हे सगळे हळूहळू करून घेतलेले असते. तुम्ही मात्र रात्रभराच्या प्रवासानंतर एकदम त्या भट्टीत उतरता. म्हणून पहिले तीन-चार दिवस स्वतःला जपायचे. "आम्ही नाही का फिरत?" असे इथला चुलतभाऊ म्हणेल. त्याचे ऐकू नका. तो खोटे बोलत नाही, पण तो स्वतःच्या शरीराबद्दल बोलतो आहे.

मुंबई-कोकणातून येणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. तिकडे हवेत दमटपणा असतो, घाम वाहतो, शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून पाणी जातेय हे कळते. इथली मेमधली हवा कोरडी ठणठणीत. घाम अंगावर येतो न येतो तोच उडून जातो. कपडे कोरडे, कपाळ कोरडे, आणि पाहुणा खुशीत सांगतो, "तुमच्याकडे ऊन आहे, पण घाम नाही हो!" घाम असतोच, भरपूर असतो, दिसत नाही एवढेच. इथे तहान लागण्याची वाट पाहत बसलात तर उशीर होतो. घड्याळ बघून पाणी प्यायचे. बाहेर असाल तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट, घरात असाल तर तासाला एक पेला. लघवी गडद पिवळी होऊ लागली किंवा जळजळ सुरू झाली, तर पाणी कमी पडतेय हे ओळखा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आणि गोळीची मात्रा निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून यावे.

कपड्यांचेही तसेच. उन्हाळा म्हणून अर्ध्या चड्ड्या आणि बिनबाह्यांचे टॉप भरून आणू नका. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. वारा त्याहून थंड असेल तर उघड्या अंगाला बरे वाटते. पण ४४-४५ अंशांचा वारा अंगाला गारवा देत नाही, उलट उष्णता देतो. म्हणून इथले लोक अंग उघडे टाकत नाहीत, झाकतात. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि एक मोठा सुती दुपट्टा किंवा गमछा एवढे पुरे. दुपट्टा डोक्यावरून घेऊन कान, गाल आणि मान झाकतील असा गुंडाळायचा. निघताना तो पाण्यात बुडवून पिळून घेतला तर आणखी चांगले. दुचाकीवर बसणार असाल तर डोळ्यांना चष्मा हवाच, नाहीतर झळांनी डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहतात.

आता दिवसाच्या वेळापत्रकाचे बोलू, कारण सगळी मेख तिथेच आहे. गोंदिया महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे, त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. मेअखेरीस साडेपाचच्या आतच उजाडलेले असते. मुंबईच्या सवयीने साडेसातला फिरायला निघालात तर कोवळे ऊन कधीच संपलेले असते. फिरणे, बाजार, देवदर्शन, भेटीगाठी, जे काही असेल ते साडेपाच ते नऊ या वेळेत उरका. दुसरे टोक त्याहून महत्त्वाचे. दुपारचे बारा ही सर्वांत तापलेली वेळ नसते. जमीन तापून हवा तापायला वेळ लागतो, आणि पारा सर्वांत वर जातो तो तीन-चारच्या सुमारास. "जेवण झाले, आता ऊन उतरायला लागेल" म्हणून तीन वाजता बाहेर पडणारा पाहुणा बरोबर नको त्या वेळी रस्त्यावर असतो. सहापर्यंत घरातच थांबा.

दुपार घरात काढावी लागते याचे कुणी वाईट वाटून घेऊ नये. भूमध्य समुद्राकाठची आणि त्या पट्ट्यातली जुनी शहरे अशीच जगत आली आहेत. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये दुपारी खिडक्यांचे पडदे-झडपा बंद होतात, गल्ल्यांवर कापडी छत ताणतात, आणि शहर खऱ्या अर्थाने जागे होते ते सूर्य कलल्यावर. अथेन्सला उष्णतेची लाट आली की जगभरातून आलेल्या पर्यटकांना न जुमानता ॲक्रोपोलिसची दारे भर दुपारी काही तास बंद केली जातात. २०२३च्या जुलैमध्ये तसे झाले आणि त्यानंतरही झाले आहे. तिकडचा प्रवासी ते मुकाट मान्य करतो. आपण आपल्याच आजोळी आल्यावर मान्य करायला काय हरकत आहे? दुपारी पुस्तक वाचा. मारुती चितमपल्लींचे 'नवेगावबांधचे दिवस' बरोबर आणले तर फारच छान, कारण त्यातला मुलूख इथून फार लांब नाही.

प्रवासाबद्दल थोडेसे. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी नागपूरला पोचते, पण गोंदियाला उतरेपर्यंत ऊन चांगलेच चढलेले असते. कोल्हापूरहून पुण्यामार्गे येणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसने आलात तर दुसऱ्या दिवशीची तापलेली दुपार विदर्भातच गाडीत काढावी लागते. साध्या स्लीपर डब्यात खिडकीची झडप उघडी ठेवून वारा घेण्याचा मोह होतो. त्या वाऱ्यानेच माणूस सुकतो. दुपारी झडप ओढून घ्या, ओला रुमाल मानेवर ठेवा, आणि माणशी किमान तीन लिटर पाणी जवळ असू द्या. मिठा-साखरेच्या पाण्याची म्हणजे ओआरएसची पाकिटे औषधाच्या दुकानातून घेऊन पिशवीत टाका. स्टेशनवरून ऑटो केली तर कुडवा जवळच आहे. फक्त सामान घेऊन उन्हात घासाघीस करत उभे राहू नका.

घरी पोचल्यावर भेटणारी पहिली गोष्ट म्हणजे कूलर. विदर्भाबाहेर वाढलेल्या माणसाला त्याची रीत माहीत नसते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. कूलर म्हणजे एसी नव्हे. एसीला बंद खोली लागते, कूलरला उघडी. पाण्याने भिजलेल्या ताट्यांमधून बाहेरची कोरडी हवा आत ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, आणि गार हवा खोलीत येते. म्हणून कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरचे एखादे दार किंवा खिडकी उघडी हवी. पाहुणे हमखास दार-खिडक्या लावून घेतात. मग ओली हवा खोलीतच कोंडते, तासाभरात गादी दमट होते आणि "कूलर काही कामाचा नाही" अशी तक्रार सुरू होते. हवा बाहेर जायला वाट ठेवा, ताट्या सगळीकडून भिजताहेत का ते बघा, आणि पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटे नुसता पंप चालू ठेवा. वाळ्याच्या ताट्या असतील तर खोलीला जो सुवास येतो तो कुठल्याच यंत्राला जमणार नाही. पाऊस जवळ आला, हवा दमट झाली की हाच कूलर निरुपयोगी होतो. त्यात यंत्राचा दोष नसतो.

पण याच कूलरने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, आणि हे मी फार कळकळीने लिहितो आहे. लोखंडी टाकी, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी माणूस. वायर कुठे सोलली असेल, अर्थिंग नसेल, तर टाकीच्या पत्र्याला हात लागताच झटका बसतो. पाहुण्यांनी कूलरमध्ये पाणी भरायला जाऊ नये, हा पहिला नियम. भरायचेच असेल तर बटण बंद करून पिनसुद्धा सॉकेटमधून काढायची, मगच पाइप लावायचा. चालू कूलरच्या पत्र्याला, जाळीला किंवा पात्यांच्या दिशा बदलणाऱ्या दांड्याला ओल्या हाताने शिवायचे नाही. लहान मुलांना कूलरसमोर उभे राहून "आऽऽ" करण्याचा नाद असतो. त्यांना आल्या दिवशीच समजावून सांगा आणि नंतरही लक्ष ठेवा. यजमानांनी पाहुणे येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनांची वायर, अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच तपासून घ्यावा. त्याला जो खर्च येईल तो लग्नाच्या एका पंगतीच्या खर्चापुढे काहीच नाही. शिवाय आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

रात्री गच्चीवर झोपायची मजा मुलांना जरूर द्या. फक्त सूर्य मावळल्यावर गच्चीवर बादलीने पाणी मारा आणि थोड्या वेळाने पुन्हा मारा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणून जमिनीवर गादी टाकण्यापेक्षा खाट आणि मच्छरदाणी बरी. झोप नीट झाली तरच दुसऱ्या दिवशीचे ऊन सोसते. लग्नघरातल्या जागरणाने पाहुणा जेवढा कोलमडतो तेवढा नुसत्या उन्हाने कोलमडत नाही.

खाण्यापिण्यात इथल्या घराचे ऐका, तिथे तुमचा फायदाच आहे. कैरी चुलीच्या निखाऱ्यात किंवा गॅसच्या आचेवर साल काळी होईपर्यंत भाजायची, गार झाल्यावर गर काढून त्यात गूळ, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची आणि माठातल्या पाण्यात घोळायचा. भाजल्यामुळे त्याला जो धुरकट वास येतो तो उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला येत नाही. बाहेर पडण्याआधी एक पेला आणि आल्यावर एक पेला. जेवणात मठ्ठा, कांदा, टरबूज. छत्तीसगडच्या बाजूच्या घरांत रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवतात आणि सकाळी तो ताक, कांदा, मिरचीसोबत खातात. बासी म्हणतात त्याला. कुणी तो पुढे केला तर नाक मुरडू नका, धानाच्या या मुलखात उन्हात राबणारा माणूस त्यावरच कामाला जातो. खिशात कांदा ठेवून ऊन लागत नाही असे सांगणारे भेटतील. ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नका. तर्री-पोहे खायचे तर सकाळी लवकर, आणि उन्हातून येऊन एकदम बर्फाचे पाणी नको, माठाचे घ्या. रसवंतीवर किंवा गोळ्याच्या गाडीवर निळसर बर्फ दिसला तर तिथून निघा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यावा असा नियमच आहे. चहा आणि दारू यांपैकी पहिला कमी करा, दुसरी या दिवसांत सोडाच.

आता लग्न. माझ्या मते इथल्या उन्हाळ्यातली सर्वांत धोक्याची जागा शेत नाही, रस्ता नाही, तर भर दुपारची वरात आहे. डीजेपुढे तरुण पोरे नाचताहेत, अंगात शेरवानी किंवा जाड कोट, पोटात सकाळपासून धड पाणी नाही, रात्री झोप नाही, आणि डोक्यावर बारा-एकचे ऊन. त्यातली निम्मी पोरे दोन दिवसांपूर्वी पुण्याहून आलेली. शरीर आतून तापवायला स्नायूंची मेहनत पुरते. बाहेरून ऊन आहेच. दोन्ही बाजूंनी तापलेले शरीर गार व्हायला जागाच उरत नाही. मुहूर्त गोरजावर किंवा रात्रीचा धरता आला तर फार उत्तम. नाहीच धरता आला, तर वरात अर्ध्या रस्त्यावरून सुरू करा आणि पंधरा मिनिटांत संपवा. वरातीबरोबर पाण्याच्या कॅनची हातगाडी हवी, आणि मांडवाच्या दारात अत्तर-गुलाबपाण्याच्या आधी पन्हे हवे. पत्र्याचा किंवा जाड ताडपत्रीचा मांडव बाजूंनी बंद करू नका. आत चारशे माणसे बसली की तो बाहेरच्या उन्हापेक्षाही वाईट. यात वरपक्ष-वधूपक्ष असा मान-अपमानाचा प्रश्न आणू नये. नवरदेवाच्या मामाने एकदा पुढे होऊन "बस झाले, सावलीत चला" म्हटले की सगळे ऐकतात. ते त्यांनी म्हणावे.

वरातीला जाताना घरी कोण राहिले ते बघा. बहुधा आजी असते, "तुम्ही या जाऊन, मला झेपत नाही" म्हणणारी. २००३च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची भीषण लाट आली तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे गेली. त्यांत वृद्ध फार मोठ्या संख्येने होते, आणि अनेक जण घरी एकटे होते, कारण तो तिकडचा सुट्टीचा महिना. म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो. वीज गेली आणि कूलर बंद पडला तर आजी उठून कुणाला हाक मारेलच असे नाही. शेजारच्यांना सांगून जा, आणि तासा-दीड तासाने कुणीतरी घरी चक्कर टाका.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर, ही सुरुवात आहे. माणसाला सावलीत, कूलरसमोर झोपवा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, ओआरएस घोटाघोटाने द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली आणि अंग चटका बसण्याइतके तापले असेल, तर तो उष्माघात. त्यात मिनिटे मोजावी लागतात. १०८ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. अंगावरचे जास्तीचे कपडे काढा, बादलीने किंवा पाइपने अंगभर पाणी ओता, जोराने वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. आधी थंड करायचे, मग न्यायचे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. अशा माणसाला गोंदियातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. बाहेरच्या गरमीत काम करणाऱ्या जवान माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो, तेव्हा "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" असे समजू नका.

एवढे सांभाळले तर मेसारखा महिना नाही. नागझिऱ्यात झाडी पानगळीने मोकळी झालेली असते आणि पाणवठे मोजकेच उरलेले असतात, त्यामुळे जनावर दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त. सकाळची सफारी घ्या, दुपारची नको. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, उमरझरी यांपैकी कोणते प्रवेशद्वार आपल्याला जवळ पडते ते आधी ठरवून ऑनलाइन आरक्षण करा आणि उघड्या जिप्सीत टोपीपेक्षा दुपट्ट्यावर भरवसा ठेवा. दरेकसाजवळचा हाजरा धबधबा मात्र पावसाळ्यासाठी राखून ठेवा, मेमध्ये तिथे कोरडा कातळ बघायला मिळेल. संध्याकाळी नवेगावबांधच्या तळ्याकाठी जाता येईल तर जा, पण आकाशाकडे लक्ष असू द्या. दिवसभर तापल्यावर संध्याकाळी अचानक वावटळ, गडगडाट आणि विजा हे इथे नेहमीचे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर घेऊन ठेवा. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली किंवा धानाच्या उघड्या बांधीत थांबू नका, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. आणि त्या बंद गाडीबद्दल एक : मूल झोपलेय म्हणून उन्हात उभ्या गाडीत त्याला पाच मिनिटेसुद्धा ठेवायचे नाही, काचा चार बोटे उघड्या असल्या तरी नाही.

परतताना विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारीच निघते. म्हणून त्या दिवशी सकाळपासूनच पाणी पीत राहा, जेवण हलके घ्या, आणि स्टेशनला फार आधी जाऊन पत्र्याखाली बसू नका. आजी पिशवीत कैऱ्या, नव्या धानाचे तांदूळ आणि मोहाची वाळवलेली फुले भरून देईलच, तर एक हात पाण्याच्या बाटलीसाठी मोकळा राहील असे सामान बांधा.